टीप ज्या ओळीची, त्या ओळीत

माझं काम लोकांना समजावून सांगणं मला कधीच नीट जमलेलं नाही. डहाणूजवळ सरावलीत आमच्या शेजारच्या काकू अजून विचारतात, "तू कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस गं?" आणि मी "टायपिंगसारखंच असतं" म्हणून वेळ मारून नेते. ते टायपिंग नाही. त्या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती दोन माणसांमुळे सुधारली. त्या दोघांबद्दल मनात जे आहे ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस वाटत होतं. त्यासाठी आधी काम काय ते सांगायला हवं.

डहाणू रोड स्टेशनजवळ बी-बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, सात माणसं. आमचे सर पूर्वी वापीला एका छापखान्यात होते. तिथे तांत्रिक मानकं छापली जात. मानक म्हणजे एखादी वस्तू कशी बनवायची, कशी तपासायची, कशी वापरायची याचं नियमांचं पुस्तक. विजेच्या वायरचं असतं, गॅसच्या शेगडीचं असतं, लिफ्टचं असतं. सरांनी छापखाना सोडून हे ऑफिस काढलं, आणि एका प्रकाशन संस्थेकडून अशा मानकांच्या इंग्रजी आणि मराठी प्रती एक्सएमएलमध्ये करून देण्याचं काम मिळवलं.

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावणं. हे शीर्षक, हे कलम, हा तक्ता, ही टीप. चिठ्ठ्या लावल्या की तोच मजकूर पुस्तकात, फोनवर, वेबसाइटवर कुठेही बरोबर मांडता येतो. पण कोणती चिठ्ठी कशाच्या आत येऊ शकते आणि कशाच्या नाही, याचे नियम कुणीतरी ठरवावे लागतात. त्या नियमांच्या संचाला स्कीमा म्हणतात. स्कीमा तयार असला की काम करणाऱ्यानं चुकीच्या जागी चिठ्ठी लावताच मशीन तिथे लाल रेघ मारतं.

आणि हे नियम लिहायच्याही वेगवेगळ्या भाषा असतात. माझी गोष्ट तिथून सुरू होते.

एके दिवशी सरांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "संस्थेनं आपल्यावर सोडलंय. स्कीमाची भाषा आपण निवडायची, कारणं लिहून द्यायची, ते मंजूर करणार. हे तू कर."

मला मनातून फार आनंद झाला. मुंबईत आठ वर्षं नोकरी करून मी डहाणूला परत आले होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की हिनं आता करिअर सोडलं. एवढा मोठा निर्णय इथे बसून माझ्या हाती आला, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

मी चार रकान्यांचा एक देखणा तक्ता केला. डीटीडी: जुनी, सुटसुटीत, पण फार काही सांगता न येणारी. एक्सएसडी: भरभक्कम, सगळी सॉफ्टवेअरं ओळखणारी. रिलॅक्स एनजी: लिहायला सोपी, पण कमी लोकांना माहीत. स्कीमाट्रॉन: हिच्यात सांगाडा ठरवत नाहीत, अटी लिहितात, म्हणजे 'इथे हे असेल तर तिथे ते असलंच पाहिजे' अशी वाक्यं. मी सगळ्यांचे गुणदोष लिहिले. पण खरं सांगायचं तर तक्ता करायच्या आधीच माझं ठरलेलं होतं. एक्सएसडी मला येत होती. मुंबईत सगळे तीच वापरत. निवड मंजूर झाली, मी दीड महिना खपून स्कीमा लिहिला, आणि ज्या दिवशी तो पहिल्यांदा न अडखळता चालला त्या दिवशी सरांनी सगळ्यांसाठी खालून चहा आणि वडे मागवले.

तोपर्यंत मी एकही मानक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं. वाचायला पाहिजे होतं हे मला सुचलंही नव्हतं.

चिठ्ठ्या लावण्याचं खरं काम ऑफिसातल्या चौघी करायच्या. त्यांतली एक तलासरीकडच्या एका पाड्यावरून यायची. तिचं डी.एड. झालं होतं, पण शिक्षिकेची नोकरी लागत नव्हती. ती सकाळच्या एसटीनं यायची आणि सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर असायची. घरी वारली बोलायची, बाजारात गुजराती, आमच्याशी मराठी, आणि पुस्तकातलं इंग्रजी डिक्शनरी घेऊन सावकाश वाचायची. सुरुवातीला मला मॅडम म्हणायची, मग हळूहळू ताई म्हणायला लागली. तिला प्रश्न फार पडत. मला तेव्हा त्याचा थोडा कंटाळा यायचा, हे इथे कबूल करते.

बर्फाच्या फॅक्टरीत अमोनिया वापरून थंडावा तयार करतात. त्या यंत्रणेच्या सुरक्षिततेचं एक मानक आमच्याकडे आलं आणि ते तिच्या वाट्याला गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"ताई, या तक्त्यात एका चौकटीच्या आत टीप आहे. मी टीपची चिठ्ठी लावली की मशीन लाल करतंय."

मी उभ्या उभ्या पाहिलं. माझ्या स्कीमात टीप फक्त तक्त्याच्या खाली यायची सोय होती. चौकटीच्या आत मी मुद्दामच बंदी घातली होती, कारण ती जागा मोकळी ठेवली की लोक तिथे काहीही कोंबतात असा माझा मुंबईचा अनुभव होता.

"खाली टाक," मी म्हटलं.

"पण पुस्तकात ती वर आहे, त्या ओळीत."

"असू दे गं. शब्द तेच आहेत ना? अर्थ तोच राहतो."

तिनं टीप उचलून तक्त्याखाली नेली. लाल रेघ गेली. तिनं बाजूची शंभरपानी वही ओढून तिच्यात काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझी सूचना लिहून घेतली.

पुढच्या काही आठवड्यांत ती आणि बाकीच्या तिघी असे बरेच प्रश्न घेऊन आल्या. प्रत्येक वेळी मी स्कीमाच्या बाजूनं उत्तर दिलं. तीन मानकं पूर्ण होऊन संस्थेकडे गेलीसुद्धा.

सरांचा छापखान्यापासूनचा एक नेम होता. मराठी प्रत पाठवण्याआधी ती वस्तू प्रत्यक्ष हाताळलेल्या एका माणसाला वाचायला द्यायची. लिफ्टची प्रत बोईसरच्या एका लिफ्ट फिटरनं वाचली होती. पहिल्या तीन प्रतींना कुणी काही मोठी हरकत घेतली नव्हती. अमोनियाच्या प्रतीसाठी सरांनी धाकटी डहाणूचे एक काका शोधले. ते तीस-बत्तीस वर्षं बर्फाच्या फॅक्टरीत मेकॅनिक होते आणि आता घरीच असत. छापलेली पानं घेऊन मीच गेले.

काकांचं घर खाडीकडे तोंड करून होतं. ओट्यावर त्यांचा मुलगा जाळं पसरून बसला होता, त्याला वळसा घालून काकांनी मला आत घेतलं. कंप्रेसरच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे काका मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्यालाही मोठ्यानं बोलायला लावायचे. चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक ओळ ते वाचत होते. मध्ये मध्ये मान डोलवत, "हां, बरोबर," असं स्वतःशीच म्हणत. त्यांच्या सुनेनं चहा दिला. अर्धा तास झाला असेल. मग त्यांचं बोट एका पानावर थांबलं आणि पुढे सरकेना.

"बाय," ते म्हणाले, "हे वाच बघू मोठ्यानं."

मी वाचलं. तक्त्यात नऊ व्हॉल्व्हची नावं होती, प्रत्येकासमोर तो कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा ते. तक्त्याच्या खाली टीप: हा व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी पुढच्या नळीतला द्रव काढून घेतला आहे याची खात्री करावी.

"हा म्हणजे कुठला?" काकांनी विचारलं.

मी तक्त्याकडे पाहिलं. टीप शेवटच्या ओळीला लागून होती. "हा शेवटचा असेल," मी म्हटलं.

"शेवटचा तेल काढायचा आहे. त्याचा याच्याशी संबंध नाय. ही टीप चौथ्याची आहे. द्रवाच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हची. मूळ पुस्तकात कुठं आहे?"

माझ्या पिशवीत मूळ प्रत होती. मी उघडली. टीप चौथ्या ओळीत, त्या व्हॉल्व्हच्या चौकटीत होती.

"मग इथून उचलून खाली कोणी टाकली?"

मी गप्प बसले नाही याचं मला आज बरं वाटतं. मी सांगितलं की मी टाकायला लावली, कारण आमचं मशीन ती तिथे स्वीकारत नव्हतं.

काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि एक हकिगत सांगितली. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या फॅक्टरीत ते काही दिवस मदतीला गेले होते. तिथे एका माणसानं नळीच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले. मध्ये द्रव अमोनिया अडकला. नळी उन्हात होती. द्रव तापला, फुगला, त्याला जायला जागा नव्हती. नळी फुटली. जवळ उभा असलेला माणूस काकांच्याच वयाचा होता, सकाळी दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली होती. काकांनी त्याला पाण्याच्या टाकीत उभं करून डोळे धुतले आणि दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण एका डोळ्यानं त्याला पुन्हा कधी दिसलं नाही.

"बंद करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कुठला व्हॉल्व्ह," काका म्हणाले. "म्हणून पुस्तकात लिहितात. चौथ्यासमोर लिहिलंय तर चौथ्यासमोरच पाहिजे. तुझं मशीन मानत नाय तर मशीनला समजाव. पुस्तकाला कशाला हलवतेस?"

रिक्षातून परत येताना मी पानं मांडीवर धरून बसले होते. मला भीती त्या एका टिपेची नव्हती, ती तर सापडली होती. गेल्या चार महिन्यांत मी "खाली टाक", "पुढे ढकल", "काढून टाक, चालतंय" असं किती वेळा म्हणाले होते, हे मला आठवत नव्हतं. त्यातली किती वाक्यं त्या तीन पाठवलेल्या मानकांमध्ये होती, तेही माहीत नव्हतं.

ऑफिसात पोचल्यावर मी सरळ सरांच्या टेबलासमोर गेले आणि सगळ्यांच्या देखत सगळं सांगितलं.

"किती ठिकाणी हलवलंय?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. सगळी मानकं मुळाशी पुन्हा ताडून बघावी लागतील. दोन महिने तरी."

"संस्थेला काय सांगू? दोन महिने आम्हाला आमचीच चूक सापडत नाही म्हणून?"

तेवढ्यात तलासरीची माझी सहकारी उठली, तिची वही घेऊन आली आणि सरांच्या टेबलावर उघडून ठेवली.

"सर, माझ्याकडे लिहिलेलं आहे."

वहीत रकाने आखलेले होते. मानक कुठलं, पान कुठलं, पुस्तकात काय होतं, आपण काय केलं, का केलं. 'का केलं'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: लाल. तिनं स्वतःच्याच नोंदी ठेवल्या नव्हत्या. बाकीच्या तिघींनी कुठे काय हलवलं तेही ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारून लिहीत होती. चारही मानकं मिळून सत्तेचाळीस जागा होत्या. त्यांपैकी अकरा जागांवर तिनं पेन्सिलीनं फुली केली होती.

"या फुल्या कशाच्या?" सरांनी विचारलं.

"तिथे अर्थ बदलतो असं मला वाटलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला माझं उत्तर मिळालं होतं. ती सांगत होती. रोज सांगत होती.

ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पण लिहून ठेवलं. माझी सवय आहे ती."

संध्याकाळी मी तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत तिला विचारलं, ही सवय कुठून लागली. तिनं आईची गोष्ट सांगितली. एका योजनेसाठी त्या दोघी ऑनलाइन फॉर्म भरायला गेल्या होत्या. फॉर्मात जन्मतारीख भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आईला तारीख माहीत नव्हती. एवढंच माहीत होतं की तिच्या जन्माच्या वेळी भात कापणीला आलं होतं. फॉर्म भरणाऱ्या माणसानं एक जानेवारी टाकलं, पान उघडलं, काम झालं. पुढे दुसऱ्या कागदावर दुसऱ्या कुणीतरी दुसरी तारीख टाकली. दोन्ही जुळेनात. आईचा अर्ज दोन वर्षं अडकला, आणि कुठल्या कागदावर कुणी काय टाकलं हे कुणालाच सांगता येईना.

"त्या माणसाची चूक नव्हती," ती म्हणाली. "फॉर्ममध्ये 'माहीत नाही' लिहायला जागाच नव्हती. तेव्हापासून कुठे काही खरं सोडून दुसरं टाकावं लागलं की मी लिहून ठेवते. नंतर शोधता येतं."

एसटी आली, ती चढली आणि खिडकीतून तिनं हात केला. मी स्टँडवरून परत वळले. मी दीड महिना खपून तसाच फॉर्म तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी संस्थेला फोन करून सत्तेचाळीस जागांची यादी पाठवली. "आमची चूक आहे, कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करून देतो," एवढंच ते म्हणाले. त्या यादीमुळे ते असं म्हणू शकले. काम आमच्याकडेच राहिलं.

मग स्कीमाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी तक्ता केला नाही. आम्ही दोघींनी त्या सत्तेचाळीस जागा समोर ठेवल्या आणि प्रत्येक भाषेला विचारलं की हे, पुस्तकात आहे तसं, तुला मान्य करता येईल का.

आधी मी एक्सएसडीच दुरुस्त करायला घेतली, कारण ती माझी होती. चौकटीत टीप मजकुराच्या आधी येऊ शकते, नंतर येऊ शकते, नुसतीही येऊ शकते, असं लिहून पाहिलं. ती अडून बसली. टीप दिसली की ती यांतल्या कुठल्या वाटेनं आली ते मला तिथल्या तिथे कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट. डीटीडीचंही तेच. ते टाळायला नियम फिरवून फिरवून लिहावे लागत होते, आणि दोन दिवसांनी माझंच लिहिलेलं मला वाचता येईना. रिलॅक्स एनजीमध्ये मी तेच सरळ लिहिलं, जसं आहे तसं, आणि तिनं मुकाट्यानं घेतलं. जोडपत्रांचंही तसंच. मानकाच्या शेवटी जोडपत्रं असतात, काही सक्तीची, काही नुसती माहितीपुरती, आणि त्यांच्या आत काय येऊ शकतं ते त्या प्रकारावर अवलंबून असतं. हेही तिला सांगता आलं.

पण काही गोष्टी कुठल्याच सांगाड्यात बसत नव्हत्या. तक्त्याच्या खाली टीप असेल तर ती कुणाची आहे हे दाखवणारी खूण तक्त्यात असलीच पाहिजे. माहितीपुरत्या जोडपत्रात सक्तीचं वाक्य येता कामा नये. अशा अटी माझ्या सहकारिणीनं वहीच्या मागच्या पानांवर आधीच लिहून ठेवल्या होत्या, स्वतःसाठी, साध्या मराठीत. त्या वाचताना माझ्या लक्षात आलं की स्कीमाट्रॉन अशाच वाक्यांसाठी आहे. मी एकेक अट त्या भाषेत लिहीत गेले. स्कीमाट्रॉनमध्ये चूक झाल्यावर मशीननं काय म्हणायचं ते आपण लिहायचं असतं.

"काय लिहू?" मी तिला विचारलं.

तिनं विचार केला. "लिहा: ही टीप ज्या ओळीची आहे त्या ओळीतच ठेवा. हलवू नका. अडलं तर विचारा."

"अडलं तर विचारा हे कशाला?"

"लाल दिसलं की माणूस घाबरतो, ताई. काहीतरी करून ते घालवतो. विचारायला सांगितलं तर विचारेल."

मी ते तसंच लिहिलं.

शेवटची अडचण संस्थेची होती. त्यांचे तांत्रिक प्रमुख व्हिडिओ कॉलवर आले आणि हिंदीत म्हणाले की रिलॅक्स एनजी वापरणारे लोक मिळत नाहीत, त्यांची सिस्टिम फक्त एक्सएसडी वाचते, आणि एका टिपेसाठी सगळं बदलणं त्यांना पटत नाही. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मीही हेच बोलले असते. मी मुद्दे मांडायला लागले, सांगाडा, अटी, वाटा, आणि त्यांचा चेहरा कंटाळत चाललेला मला दिसत होता.

माझ्या शेजारी बसलेली माझी सहकारी एकदम म्हणाली, "सर, मी एक तक्ता दाखवू?"

त्यांनी मान हलवली. तिनं तो अमोनियाचा तक्ता स्क्रीनवर आणला, जुन्या स्कीमातला, टीप खाली असलेला.

"सर, ही टीप कुठल्या व्हॉल्व्हची आहे?"

त्यांनी वाचलं. "नवव्याची."

"चौथ्या व्हॉल्व्हची आहे, सर."

आणि मग काकांनी सांगितलेली ती नळीची हकिगत तिनं त्यांना सांगितली, तिच्या साध्या हिंदीत, न घाबरता. मग ते म्हणाले, "आमच्या सिस्टिमला एक्सएसडी लागेलच, तिचं काय?" तेव्हा मी सांगितलं की मूळ नियम रिलॅक्स एनजीमध्ये राहतील आणि त्यांच्यावरून एक सैल एक्सएसडी काढून देता येते; ती फाइल त्यांच्या सिस्टिमला पुरेल. कडक तपासणी आमच्याकडे होईल, आणि अटींची फाइल त्यांनाही देऊ. त्यांनी दोन शंका विचारल्या, दोन्ही रास्त होत्या, आणि हो म्हणाले. कॉल संपल्यावर तिनं एक मोठा श्वास सोडला आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली.

पंधरा दिवस आम्ही सगळे राबलो. अमोनियाची प्रत पुन्हा छापून मी आणि ती दोघी धाकटी डहाणूला गेलो. काकांनी ते पान आधी उघडलं, चौथी ओळ पाहिली आणि मग पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर त्यांनी त्या तक्त्याची एक प्रत मागून घेतली. त्यांच्या जुन्या फॅक्टरीत लावायला दिली असं नंतर कळलं. निघताना त्यांच्या सुनेनं आम्हाला दोघींना सुके बोंबील बांधून दिले.

आता कुठलंही नवं मानक आलं की आम्ही आधी ते वाचतो. अख्खं. मग त्यात आपल्या नियमांत न बसणारं काय आहे ते ती वहीत लिहिते, आणि त्यावर आम्ही बोलतो. कधी नियम बदलतो, कधी बदलत नाही, कारण कधी कधी पुस्तकातही चूक असते आणि मग ती संस्थेला कळवावी लागते. अटींची फाइल आता तीच सांभाळते. स्कीमाट्रॉन ती माझ्याकडून तीन आठवड्यांत शिकली, आणि मधल्या काळात माझ्या दोन चुका काढून दाखवल्या. तलासरीत एक खोली घेऊन सरांनी तिथे चार नव्या मुलींना कामावर घेतलं आहे. त्यांना ती शिकवते. तिच्यातली शिक्षिका वाया गेली नाही याचं मला फार समाधान वाटतं, कारण तिच्या हाताखालची पहिली विद्यार्थिनी मीच होते.

स्कीमाच्या फाइलीत सर्वांत वर, तो कुणी लिहिला ते लिहायची पद्धत असते. नवा स्कीमा पक्का झाला त्या दिवशी मी तिथे आम्हा दोघींची नावं घातली आणि तिला दाखवली. तिनं वाचली, लाजली, आणि म्हणाली, "काकांचंही घाला ना."

मी काकांना फोन केला. फोनवर तर ते आणखीच मोठ्यानं बोलत. कशाला, काय, कुठली फाइल, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "माझं नाव नको, बाय. लोक फोन करत बसतील. बर्फवाला, धाकटी डहाणू, एवढं लिही."

तिनं ते स्वतः टाइप केलं. मशीननं कुठेही लाल रेघ मारली नाही.